होडीत पाणी कुठून येते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी दोन शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. गेल्या वर्षी आमसुलांवर फार छान बोलणे झाले, त्याच्या आदल्या वर्षी बचतगटाच्या हिशेबावर. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या होडीची हकीगत सांगा." मी म्हटले, ती पुरुषांच्या कामाची गोष्ट. त्यावर त्या म्हणाल्या, "पाणी भरणे आणि पाणी उपसणे ही पुरुषांची कामे केव्हापासून झाली?" याला मला उत्तर सुचले नाही, म्हणून इथे उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. बोलताना इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

आपल्यातल्या पुष्कळजणींना आमची होडी ठाऊक आहे. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा किल्ल्याकडे उतारू नेणाऱ्या ज्या शिडाच्या होड्या आहेत त्यांतली ती एक. मामंजींनी ती १९७८ साली बांधून घेतली, म्हणजे माझ्यापेक्षा ती दोन वर्षांनी वडील. आधी ती मासेमारीला जात असे, पुढे उतारूंसाठी झाली. तिला यंत्र नाही. शीड, वल्ही आणि आमच्या घरच्यांचे हात, एवढ्यावर ती चालते. तळाच्या फळ्या सागाच्या आहेत आणि आतल्या बरगड्या बाभळीच्या.

पुढचे समजावे म्हणून लाकडी होडी कशी जोडतात ते थोडे सांगते. खाली एक लांब जाड लाकूड असते, तो होडीचा कणा. त्याला पठाण म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना फळ्या चढत जातात. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत फळीला फळी नुसती भिडवत नाहीत. एकीच्या कडेला खाच पाडतात आणि दुसरीची कड तीत बसवतात. मध्ये कापसाचा पेळू आणि राळ-तेल घालतात. मग लोखंडी खिळ्यांनी फळ्या बरगड्यांना जखडतात. होडी पाण्यात गेली की लाकूड भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगते आणि सांधे आपोआप आवळले जातात. म्हणून पावसाळाभर जमिनीवर राहिलेली होडी पहिल्यांदा पाण्यात लोटली की दोन-तीन दिवस गळते आणि मग गप्प बसते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. किंबहुना लाकडी होडीत थोडे पाणी येतच असते. आमच्याकडे पहाटे उठून दोन डबे पाणी उपसायचे ही रीतच होती. डबा म्हणजे पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरका कापून केलेला.

२०२२ च्या नोव्हेंबरात मात्र हा हिशेब बिघडू लागला. पहाटे दोनच डबे, पण संध्याकाळी आठ, दहा, कधी चौदा. चौदा डबे म्हणजे सत्तर लिटर पाणी. पायाखालच्या फळ्यांच्या खाली ते इकडून तिकडे खळखळायचे. ह्यांनी आणि मोठ्या दिरांनी आतून बाहेरून दहा वेळा पाहिले. कुठे फट दिसेना, कुठे भोक दिसेना. होडी धक्क्याला बांधून तासभर पाहत बसावे तर थेंब नाही. आणि दुपारची फेरी करून यावे तर पाणी हजर.

जानेवारी २०२३ मध्ये एका रविवारी परतीच्या फेरीत वारा अंमळ जास्त होता. होडी कलली, फळ्यांच्या फटीतून पाणी वर आले आणि एका लहान मुलीच्या चपला भिजल्या. मुलगी ओरडली, तिची आई उभी राहिली, आईचे पाहून आणखी चौघे उभे राहिले. होडीत माणसे उभी राहणे हे पाण्यापेक्षा जास्त धोक्याचे. ह्यांनी आवाज चढवून सगळ्यांना खाली बसवले आणि होडी सुखरूप धक्क्याला लावली. सर्वांच्या अंगात तरंगणारी जाकिटे होती, धक्का जवळ होता, कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. पण घरी आल्यावर हे जेवले नाहीत. रात्री म्हणाले, "पाणी कुठून येते ते कळेपर्यंत मी या होडीत परके माणूस बसवणार नाही."

मैत्रिणींनो, हंगामात होडी बांधून ठेवणे म्हणजे काय हे दर्यावर पोट असलेल्या बायकांना सांगावे लागत नाही. आपली पाळी दुसऱ्याला जाते. धाकटीची फी भरायची होती, घरावरच्या कौलांचे देणे होते. पण त्यांचे म्हणणे मला पटले होते. लोक आपल्या भरवशावर कडेवर मूल घेऊन होडीत पाय ठेवतात.

मग सल्ले सुरू झाले. होड्यांचे काम करणारे एक सुतार आले, त्यांनी तळाला ठिकठिकाणी हातोडीने टकटक केले आणि म्हणाले, सगळा तळ बदलायला हवा. त्यांनी सांगितलेला आकडा दोन हंगामांच्या कमाईएवढा होता. दुसरे म्हणाले, बाहेरून फायबर चढवून टाका, कटकट मिटेल. तिसऱ्यांनी सांगितले की बॅटरीवर चालणारा पंप बसवा, पाणी आले की तो आपण होऊन उपसतो. आणि चौथ्यांनी, हे आमच्या नात्यातलेच, होडी विकून टाका म्हणून सांगितले. सरपणाच्या भावाने गिऱ्हाईकही त्यांच्याजवळ तयार होते!

फायबरचे मला पहिल्यापासून पटले नाही. गळक्या भिंतीला आतून रंग दिला तर ओल जाते का? ती रंगाच्या मागे बसून भिंत खाते. जुन्या ओल्या लाकडावर बाहेरून पक्का थर दिला की आतली ओल आतच राहते आणि लाकूड कुजायला लागते. पंप वाईट नाही, आम्ही पुढे घेतलाही. पण पंप पाणी काढतो, ते कुठून आले हे सांगत नाही. उलट पाणी दिसेनासे झाल्यामुळे माणूस निर्धास्त होतो. म्हणून ज्यांच्याकडे पंप आहे त्यांनी तो दिवसातून किती वेळा चालतो हे मोजून ठेवावे.

मोजणे हेच माझ्या हातात होते. होडीतले पाणी उपसून आल्यावर मुलगा डब्यांचा आकडा सांगायचा आणि मी तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायची. त्याच कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो, म्हणून सवयीने हाही लिहीत गेले. आकड्याबरोबर वारा कसा होता, उधाण होते की भांग, किती फेऱ्या झाल्या, हेही लिहून ठेवत असे. त्या रविवारनंतर मी तीन महिन्यांची पाने पुढे घेऊन बसले, आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. सकाळच्या फेऱ्या कितीही असोत, पाणी वाढत नाही. वाढते ते दुपारच्या फेऱ्यांत. ज्या दिवशी "वारा पडलेला" असे लिहिले आहे त्या दिवशी दुपारीही वाढत नाही. माणसे किती बसली याच्याशी त्याचा संबंध दिसेना, उधाण-भांगाशीही दिसेना. संबंध एकट्या वाऱ्याशी.

मी ह्यांना म्हटले, "होडी उभी असताना तपासून काय उपयोग? खाटेवर निजलेल्या माणसाचे गुडघे दुखत नाहीत. चालल्यावर दुखतात."

आता शोधायचे कसे हे ठरवायला हवे होते. पहिली गोष्ट मी केली ती अगदी घरगुती. पाणी चाखून पाहिले. हसू नका. होडीतले पाणी खारे की गोडे, हे कळले की अर्धी वाट उजळते. खारे असेल तर ते समुद्राचे, म्हणजे बाहेरून आलेले. गोडे असेल तर ते पावसाचे किंवा दवाचे, नाहीतर आपणच आत नेलेले. आपल्या जंजिऱ्याचेच पाहा ना, चारी बाजूंनी खारा समुद्र आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. तोंडात घेतल्याशिवाय कोण ओळखील? बरगड्यांच्या मधल्या एकेका खणातले पाणी मी बोटाने जिभेला लावत गेले. सगळीकडे खारट, आणि अगदी मागच्या खणात चक्क गोडे! जानेवारीत पाऊस नाही. मग वर पाहिले. वर उतारूंसाठी ठेवलेले पिण्याच्या पाण्याचे पिंप होते आणि त्याच्या तोटीची चकती झिजली होती. सेकंदाला एक थेंब पडत होता. एक थेंब म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण दिवसाचे ते चार लिटरांच्या आसपास होते. त्या खणाची मोरी गाळाने बुजलेली होती म्हणून ते पाणी तिथेच साचून राहिले आणि चवीला शुद्ध सापडले. चकती पाच रुपयांची. एक पाणी संपले.

या मोऱ्यांविषयी थोडे सांगायला हवे, कारण सगळी फसगत त्यांच्यामुळे होते. प्रत्येक बरगडीच्या खाली, कण्याला लागून, पाणी वाहून जायला एक लहानसे भोक ठेवलेले असते. पुढे आलेले पाणी त्यांतून मागे वाहत जाते, कारण होडी मागे किंचित दबलेली असते. म्हणून पाणी कुठूनही शिरो, ते मागे जमलेले दिसते. सगळे मागचा भाग तपासत होते ते यामुळे. छपरावरून गळणारे पाणी कसे वाशावरून घसरत जाऊन भलत्याच खोलीत टपकते, तसेच हे.

तेव्हा प्रत्येक खण वेगळा करायला हवा होता. मी अर्धा किलो जाड्याभरड्या पिठाची घट्ट कणीक मळून नेली आणि एकूणएक मोऱ्या लिंपून बंद केल्या. त्याआधी मुलाने सगळे पाणी उपसून, जुन्या लुगड्याच्या बोळ्यांनी तळ कोरडा ठणठणीत पुसला होता. पुसल्यावर फळ्यांच्या सांध्यांवर मी रांगोळी भुरभुरवली. कोरड्या रांगोळीवरून पाण्याची एक रेघ जरी गेली तरी ती काळपट उमटते आणि कुठून निघाली तेही दाखवते. याला रांगोळीच हवी असे नाही, खडूची पूड चालते. पीठ चालत नाही, त्याचा चिकटा होतो.

धक्क्याला बांधलेल्या होडीत आम्ही एक तास थांबलो. रांगोळी जशीच्या तशी. मग दुसरी परीक्षा घेतली. वाऱ्याने होडी कलते तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे, एरवी पाण्याच्या वर असणाऱ्या फळ्या पाण्यात जातात. आणि दुसरी, शिडाचा ओढा डोलकाठीवर येतो व डोलकाठी आपल्या पायाशी सगळी होडी पिळते. यांतल्या कोणत्या गोष्टीमुळे पाणी येते ते वेगवेगळे पाहायला हवे होते. म्हणून शीड न उभारता, शांत पाण्यात, आम्ही वाळूची पोती एका अंगाला रचून होडी मुद्दाम कलवली. आधी उजवी बाजू दाबली. अर्धा तास गेला, काही नाही. मग सगळी पोती डाव्या बाजूला नेली. पाच मिनिटांत वरून तिसऱ्या फळीच्या सांध्याखाली रांगोळीवर चार बोटे लांब रेघ उमटली, मग तिच्या शेजारी दुसरी.

कारण लगेच कळले. आमची होडी धक्क्याला नेहमी एकाच तोंडाने बांधलेली असते आणि तिच्या डाव्या अंगावर दिवसभर ऊन असते. पाण्याच्या वरच्या फळ्या उन्हाने सुकतात, आकसतात आणि सांधा सुटतो. तेवढा भाग पाण्यात बुडेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. ह्यांनी तो सांधा खरवडून जुना कापूस काढला आणि नवा भरला. इथे मामंजींची एक शिकवण उपयोगी पडली, तीही सांगते. सुकलेल्या सांध्यात कापूस कचकचून ठोसायचा नाही. उद्या लाकूड भिजून फुगले की त्याला जागा लागते, ती नसली तर ते खिळे सैल करते नाहीतर फळीच फोडते. बेताने भरायचा. आणि त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ त्या अंगावर समुद्राच्या पाण्याच्या चार बादल्या मारायच्या, दुपारी ओली गोणपाटे टाकायची. खारेच पाणी मारायचे बरे का, गोडे नव्हे. गोड्या पाण्याने लाकूड लवकर कुजते. समुद्रात भिजणाऱ्या तळापेक्षा पावसाचे पाणी मुरणारी वरची फळी आधी जाते, हे कोणत्याही जुन्या होडीवर पाहून घ्यावे.

दोन पाणी सापडली. हे म्हणाले, झाले. रिकामी होडी घेऊन ते दुपारी एक फेरी मारून आले आणि डबे भरले सहा. चौदाचे सहा झाले हे खरे, पण दोन व्हायला हवे होते.

तेव्हा मी म्हटले की मी बरोबर येते. सासूबाईंना ते फारसे रुचले नाही. होडीच्या दुरुस्तीत बाईमाणसाने पडू नये अशी त्यांची समजूत. पण ह्यांच्या हातात शिडाची दोरी, मुलाच्या हातात सुकाणू, मग खाली पाहणार कोण? दुसऱ्या दिवशी दुपारी वायव्येचा वारा सुटल्यावर आम्ही तिघे निघालो. पायाखालच्या फळ्या उचलून ठेवल्या होत्या. मी बरगड्यांवर गोधडी टाकून पालथी पडले आणि मोबाइलचा दिवा लावून डोलकाठीच्या पायाकडे पाहत राहिले. शीड फुगले, होडी कलली. माझ्या पोटातले काय झाले ते इथे सांगत नाही. डोलकाठीचा पाय एका जाड ठोकळ्यात बसवलेला असतो आणि तो ठोकळा लोखंडी बोल्टांनी कण्याला धरलेला असतो. त्या ठोकळ्याभोवती मी कणकेची पाळ घातली होती. वाऱ्याचा झोत आला की डोलकाठी कुरकुरायची, आणि प्रत्येक कुरकुरीबरोबर मागच्या बोल्टाच्या कडेने पाण्याचा एक बुडबुडा वर यायचा. झोत गेला की बंद. पुन्हा झोत, पुन्हा बुडबुडा. बारक्या झऱ्यासारखे ते दिसत होते. माझ्या पाळीच्या आत पाव तासात दोन बोटे पाणी झाले, आणि शेजारचे खण कोरडे. मी ओरडून सांगितले, ते ह्यांना वाऱ्यात ऐकू गेले नाही. त्यांना वाटले मला मळमळते आहे, म्हणून त्यांनी होडी वळवली!

ओहोटीला होडी वाळूवर टेकली तेव्हा बाहेरून पाहिले. यालाही एक युक्ती आहे. पाणी आत येते त्या वाटेने ते बाहेरही जाते. म्हणून ओहोटीच्या आधी आतले थोडे पाणी मुद्दाम राहू द्यायचे. होडीचा तळ बाहेरून वाऱ्याने वाळत जातो आणि जिथे छिद्र असते ती जागा ओलीच राहते. गळक्या माठाचे भोक आपण असेच हुडकतो. कण्याच्या बाजूला, चुन्याच्या लेपाखाली, रुपयाएवढा एक ओला डाग वाळता वाळेना. बोल्टाचे दुसरे टोक बरोबर तिथे होते.

त्याच सुतारांना पुन्हा बोलावले. त्यांनी बोल्ट ठोकून काढला तर मध्ये तो गंजून पेन्सिलीएवढा बारीक झालेला, आणि त्याच्या भोवतीचे लाकूड काळे पडून नखाने उकरावे इतके मऊ. लोखंड गंजते तेव्हा एकटे जात नाही, सोबत शेजारचे लाकूडही नेते. सुतारांनी सडलेला भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कोरून काढला, तिथे सागाची खुंटी राळ-तेलात बुडवून बसवली आणि नव्याने भोक पाडून जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट घातला. बोल्टाच्या माथ्याखाली राळेत भिजवलेल्या सुताचे दोन वेढे दिले, म्हणजे आवळल्यावर ते दबून पाण्याची वाट बंद करतात. बाकीचे तीन बोल्टही काढून पाहिले. एक बरा होता, दोन बदलले. सुतार भले माणूस. जाताना म्हणाले, "वहिनी, तळ बदलला असता तरी हा बोल्ट मी परत होता तसाच बसवला असता." एकंदर खर्च सगळा तळ बदलण्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही आला नाही, आणि होडी एकूण सोळा दिवस बांधून राहिली.

माझा मुलगा आयटीआयला होता. त्याने मला एक हिशेब करून दाखवला, तो सांगण्याजोगा आहे. पाण्याच्या दोन फूट खाली एक इंचाचे भोक पडले तर मिनिटाला साठेक लिटर पाणी आत येते, म्हणजे चार हंडे. दोघी बायका उपसत राहिल्या तरी पुरे पडणार नाहीत. तो बोल्ट पुरता तुटून निखळला असता तर जवळजवळ तेवढेच भोक राहिले असते. हे ऐकल्यावर त्या सोळा दिवसांच्या बुडालेल्या कमाईबद्दल घरात कोणी बोलले नाही.

आणखी एक परीक्षा आम्ही मे महिन्याच्या शेवटी केली. पावसाळ्यासाठी होडी वर ओढली, टेकू देऊन सरळ उभी केली, तळाला बाहेरून पांढरा चुना दिला. मग आत घोटाभर पाणी ओतून त्यात कपड्यांची नीळ कालवली. घोटाभरच हं, जास्त नाही. समुद्रात बाहेरचे पाणी होडीला सावरून धरते, जमिनीवर आतल्या पाण्याचा सगळा भार फळ्यांवर येतो. पांढऱ्या चुन्यावर निळा ओघळ लगेच दिसतो. आम्हाला नाळेजवळ एक दिसला, तो खिळ्याच्या माथ्याचा होता. तिथे काम करून घेतले आणि लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल देऊन होडी झापांखाली झाकली.

जुनी होडी मोडीत काढा म्हणणाऱ्यांना माझा मुलगा एक दाखला देतो. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी सागवानाचे बांधलेले ट्रिंकोमाली नावाचे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. माणसे त्याची देखभाल करत आली म्हणून ते राहिले. आणि २०२५ साली कारवारला आपल्या नौदलाने कौंडिण्य नावाचे जहाज दाखल करून घेतले, त्याच्या फळ्या तर जुन्या रीतीने काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. मला ते वाचून फार बरे वाटले. एक तर शिवणकाम आपल्या ओळखीचे, आणि दुसरे म्हणजे खिळाच नाही तर गंजणार काय?

नंतर दोघीतिघींनी मला त्यांच्या घरच्या होड्यांबद्दल विचारले, म्हणून एवढे सांगते. ज्या होडीला यंत्र आहे तिने आधी पंख्याचा दांडा तळातून बाहेर पडतो ती जागा पाहावी. तिथले वेष्टन झिजले की यंत्र चालताना पाणी येते, बंद असताना कमी होते. आमच्या होडीला ते नाही, म्हणून त्यातले बारकावे मला सांगता येणार नाहीत. पण चाखणे, मोजणे, कणीक आणि रांगोळी यांना यंत्र असले-नसले तरी काही फरक पडत नाही. कणीक मात्र काम झाल्यावर आठवणीने काढावी. ती मोऱ्यांत राहिली तर उंदीर येतात, आणि होडीतला उंदीर ही वेगळ्या भाषणाची गोष्ट आहे.

आता पहाटे दीड डबा निघतो, उधाणाला दोन. दुपारच्या फेऱ्यांनंतरही तेवढाच. ज्यांना तो नवा बोल्ट पाहायचा असेल त्यांनी पाऊस लागण्याआधी धक्क्यावर यावे. नंतर होडी आमच्या अंगणाशेजारी झापांखाली असते, तिथे या, चहा घेऊनच जा.